मानेचा मणका आणि नावाचा निवाडा

लखनौच्या अमीनाबादेत चिकनच्या कापडाची दुकाने एकाला एक लागून आहेत. बाहेरगावचे गिऱ्हाईक तेथे गेले म्हणजे कुडत्यावरची वेलबुट्टी पुढून न्याहाळते आणि भाव विचारते. मुरलेला जाणकार मात्र कापड हाती येताच प्रथम ते उलटे करतो. बखियेच्या कामात टाका मागच्या अंगाने भरलेला असतो आणि पुढे केवळ त्याची सावली उमटते. काम हाताचे की यंत्राचे, सफाईचे की घाईचे, हे त्याला मागचे धागे पाहून कळते. पुढची नक्षी सर्वांची सारखीच सुंदर दिसते. ओळख पटते ती आडबाजूच्या खुणेवरून.

ही रीत बाजारापुरतीच नाही. अमीनाबादेतून उत्तरेकडे निघून गोमती ओलांडली म्हणजे विद्यापीठ मार्गावर बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था लागते. तिची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसविण्यात आली. ती शिला स्वतःच पाहण्याजोगी आहे, कारण तीत निरनिराळ्या युगांतील जीवाश्म जडविलेले आहेत. दुर्दैवाने त्यानंतर अवघ्या एका आठवड्याने प्रोफेसर साहनी निवर्तले. दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये गाडल्या गेलेल्या वनस्पती हा त्यांच्या आवडीचा विषय होता, त्यामुळे महाराष्ट्राच्या भूमीशी या संस्थेचे नाते आरंभापासूनचे आहे. २००५ साली याच संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, आणि त्यांत त्यांना गवताच्या खुणा आढळल्या. गवताच्या पेशींत वाळूच्या जातीचे अतिसूक्ष्म कण साचतात व त्यांचा आकार गवतागवतांत निराळा असतो. अशा कणांवरून निदान ५ प्रकारची गवते त्या विष्ठेत ओळखता आली. डायनोसॉर नामशेष झाल्यावरच गवतांचा विस्तार झाला, ही तोवरची समजूत त्यामुळे मागे पडली.

आता कोणीही विचारील की ही विष्ठा कोणाची? पिसदुऱ्याच्या परिसरात सापडणारी हाडे पाहता ती लांब मानेच्या, शाकाहारी, महाकाय डायनोसॉरांची असावी, असे उत्तर देण्यात आले. परंतु ‘लांब मानेचे’ हे वर्णन ‘शिंगवाले जनावर’ म्हणण्याइतकेच ढोबळ आहे. म्हैस, काळवीट आणि बोकड यांना एकाच नावाने हाक मारली तर शेतकरी हसेल. या महाकायांमध्येही शेकडो जाती होऊन गेल्या. त्यांच्या शरीराचा थाट, उंची, चरण्याची रीत भिन्न होती. जमिनीलगतचे गवत खाणारा कोण आणि झाडाचा शेंडा ओरबाडणारा कोण, हे जाणावयाचे तर आधी जात ठरली पाहिजे. आणि जात ठरविताना जी हाडे शास्त्रज्ञ विशेष आस्थेने हाती घेतात, त्यांत मानेच्या मणक्यांचे स्थान फार वरचे आहे.

येथे शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य वाटते. डायनोसॉरांना मराठीत कोणी ‘भीमसरट’ असे नाव दिले आहे. ते कानाला गोड लागते, पण कोंबडीएवढे डायनोसॉरही होऊन गेल्यामुळे सर्वांना लागू पडत नाही. लांब मान, लांब शेपटी आणि खांबासारखे चार पाय असलेल्या ज्या गटाविषयी आपण बोलत आहोत त्याला सॉरोपॉड म्हणतात. ‘भीमसरट’ हे बिरुद खरे शोभते ते यांनाच. मानेच्या मणक्याला परिभाषेत ‘ग्रैव कशेरुक’ असा भारदस्त शब्द आहे. आम्ही साधा मणकाच म्हणणार आहोत. घरात वापरला जाणारा शब्द अर्थाला उणा पडत नसेल तर तो टाकण्याचे कारण दिसत नाही.

ज्या घरांत सामिष आहार चालतो तेथे बोकडाच्या मानेचा मणका मुलांनी पाहिलेला असतो. मध्ये भरीव गाभा, त्यावर मज्जारज्जू जाण्याची कमान, कमानीच्या माथ्यावर एक काटा आणि दोन्ही बाजूंना पंखांसारखे फाटे, अशी त्याची सामान्य रचना. माणूस असो, उंदीर असो की जिराफ असो, जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांच्या मानेत असे मणके ७ च असतात. जिराफाची मान लांब झाली ती एकेक मणका लांबून. सॉरोपॉडांनी मात्र दोन्ही मार्ग धरले. त्यांनी मणक्यांची संख्याही वाढविली आणि एकेका मणक्याची लांबीही. उत्तर अमेरिकेतील कॅमॅरासॉरसच्या मानेत १२ मणके होते, आफ्रिकेतील जिराफाटायटनच्या मानेत १३, डिप्लोडोकसच्या मानेत १५. आणि चीनमधील मामेन्चीसॉरसच्या एका जातीत तर १९. पक्ष्यांतही अशीच विविधता आढळते. हंसाच्या मानेत वीसाहून अधिक मणके असतात. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज असल्यामुळे या साम्याचे नवल वाटावयास नको.

पक्ष्यांशी असलेले हे नाते मणक्याच्या पोटातही दिसते. दहा मीटर लांबीची मान भरीव हाडांची असती तर तिच्या भारानेच जनावर तोंडघशी पडले असते. सॉरोपॉडांच्या मणक्यांत फुप्फुसांशी जोडलेल्या हवेच्या पिशव्या शिरलेल्या होत्या. त्यांनी गाभा दोन्ही बाजूंनी पोखरून खोल खळगे केले, आत पोकळ्यांची जाळी निर्माण केली आणि हाडाचे वस्तुमान कमी केले. बळकटीसाठी उरल्या त्या पातळ हाडांच्या पट्ट्या, तंबूच्या दोऱ्यांप्रमाणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या. ओळख पटविणाऱ्याच्या दृष्टीने हीच मोठी पुंजी होय. मांडीचे हाड म्हणजे शेवटी एक खांब. त्यावर वेगळेपण कोरावयास जागा थोडी. मानेच्या मणक्यावर मात्र खळगे, पट्ट्या, काटे, फाटे, सांध्यांचे उतार अशी कितीतरी ठिकाणे आहेत, आणि त्या प्रत्येक ठिकाणी जातीजातीत फरक पडलेला आढळतो.

एक-दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. डिप्लोडोकसचा मणका सडपातळ असतो आणि मानेच्या पुष्कळशा भागात त्याचा वरचा काटा दुभंगून त्याची दोन शिखरे झालेली असतात. जिराफाटायटनच्या मणक्याचा काटा एकसंध असतो. बॅरोसॉरस हा डिप्लोडोकसचा जवळचा नातलग. दोघांचे पाय शेजारी ठेवले तर भलेभले बुचकळ्यात पडतात. परंतु मानेचे मणके ठेवताच प्रश्न मिटतो, कारण बॅरोसॉरसचे मणके फार अधिक लांब असतात. उलट ॲपॅटोसॉरसच्या मानेत लांबीपेक्षा रुंदीचा सोस दिसतो. त्याच्या मणक्याला जोडलेल्या आखूड, जाड बरगड्या गाभ्याच्या बऱ्याच खाली लोंबतात, आणि समोरून पाहिले तर संपूर्ण मणक्याला त्रिकोणाचा आकार येतो. मानेला बरगड्या कशा, अशी शंका काहींना येईल. सॉरोपॉडांना त्या होत्या. कित्येकांत त्या बोरूसारख्या बारीक व लांब होऊन मागच्या दोन-तीन मणक्यांवर पसरत. मामेन्चीसॉरसच्या एका नमुन्यात अशा एका बरगडीची लांबी ४ मीटरांहून अधिक भरली आहे.

इतके वाचून वाटेल की मणका हाती आला की जात सांगता आलीच. प्रत्यक्षात येथूनच अडचणी सुरू होतात. पहिली अडचण अशी की एकाच मानेतील सर्व मणके सारखे नसतात. कवटीलगतचा मणका लहान व साधा असतो, मधले लांब होत जातात, खांद्याजवळचे रुंद व बोजड होतात. काट्याचे दुभंगणेही पुढच्या मणक्यांत नसते आणि मागच्यांत असते. तेव्हा एका प्राण्याचा चौथा मणका दुसऱ्याच्या दहाव्याशी ताडून पाहिला तर एकच जात दोन भासेल, किंवा दोन जाती एक वाटतील. तुलना करावयाची तर चौथ्याशी चौथा आणि दहाव्याशी दहावा ठेवला पाहिजे. आणि सुटा मणका हा चौथा की दहावा, हे कळण्यासाठी एखादी संपूर्ण मान डोळ्यांपुढे हवी. वयाचाही प्रश्न आहे. पिलाच्या मणक्यात जे खळगे उथळ असतात ते पुढे खोल होतात. काट्याचे दुभंगणे वयानुसार वाढते काय, यावर २०१२ व २०१३ मध्ये विद्वानांत चांगलाच वाद रंगला. शिवाय कोट्यवधी वर्षे खडकाखाली चेपल्यामुळे पोकळ मणके एका अंगास कलतात, चपटे होतात. तशा मणक्याची उंची मोजून ‘नवीन जात’ जाहीर करणारा, पावसात आटलेल्या सदऱ्यावरून मालकाची उंची सांगणाऱ्याच्याच पंक्तीत बसावयाचा.

संपूर्ण मान पाहावयाची तर संग्रहालयात उभारलेल्या सांगाड्याकडे जावे, हे ओघानेच आले. लोखंडी आधारावर पूर्ण सांगाडा उभारण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभी फोफावली. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात १९०५ साली ब्राँटोसॉरस उभा राहिला आणि त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला डिप्लोडोकसची प्रतिकृती लोकांस दाखविण्यात आली. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी अशाच प्रतिकृती पुढे बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना आदी राजधान्यांना भेट दिल्या. बर्लिनमध्ये १९३७ साली उभारलेला जिराफाटायटन १३ मीटरांहून अधिक उंच आहे. उभारलेल्या सांगाड्यांत इतका उंच दुसरा नाही असे म्हणतात.

परंतु उभारलेला सांगाडा हा जसा गुरू तसा फसवाही. मान हा सॉरोपॉडाच्या शरीराचा सर्वांत नाजूक व सर्वांत आधी विखुरणारा भाग असल्यामुळे शेवटच्या मणक्यापर्यंत अखंड मान क्वचितच हाती लागते. मग उरलेले मणके दुसऱ्या जनावराचे घ्यावयाचे किंवा प्लास्टरचे घडवावयाचे. बर्लिनच्या सांगाड्यातील मानेचे मूळ मणके इतके जड व ठिसूळ होते की त्यांच्याऐवजी घडविलेले मणके वर चढविण्यात आले. पिट्सबर्गच्या ॲपॅटोसॉरसची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. संग्रहालयाचे संचालक विल्यम हॉलंड यांना त्याचे खरे डोके डिप्लोडोकसच्या डोक्यासारखे असावे असा संशय होता, पण पुरावा अपुरा म्हणून त्यांनी सांगाडा बिनडोक्याचाच उभा ठेवला. १९३२ साली ते वारले आणि दोनच वर्षांत त्या मानेवर कॅमॅरासॉरसच्या धर्तीचे डोके बसविण्यात आले. ते चुकीचे होते. १९७९ साली ते उतरविले गेले व योग्य कवटी बसली. मधली पंचेचाळीस वर्षे लाखो शाळकरी मुलांनी एकाच्या मानेवर दुसऱ्याचे डोके पाहिले आणि ते खरे मानले.

याच जनावराच्या नावाचा इतिहासही मणक्यांच्या तुलनेत गुंतलेला आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ मार्श यांनी १८७७ साली ॲपॅटोसॉरस आणि १८७९ साली ब्राँटोसॉरस अशी दोन नावे दिली. १९०३ मध्ये एल्मर रिग्ज यांनी दाखविले की दोन्ही प्राणी एकाच वंशाचे दिसतात. तेव्हा नियमाप्रमाणे जुने नाव राहिले व ब्राँटोसॉरस हे लोकप्रिय नाव शास्त्रातून बाद झाले. शतकाहून अधिक काळ हा निकाल कायम होता. मग २०१५ साली चोप, मातेउश व बेन्सन या तिघा संशोधकांनी या कुळातील ८१ नमुने घेऊन ४७७ लक्षणांच्या कसोटीवर त्यांची तुलना केली. निष्कर्ष असा निघाला की फरक दोन वंश मानण्याइतका मोठा आहे, आणि त्यातील एक ठळक फरक म्हणजे ॲपॅटोसॉरसची अधिक रुंद मान. ब्राँटोसॉरस पुन्हा नांदू लागला. सर्वच विद्वानांनी ही फेड मान्य केलेली नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. तथापि एखाद-दुसऱ्या हाडावर भिस्त न ठेवता शेकडो लक्षणे एकत्र तोलण्याची ही पद्धत आता रूढ झाली आहे, आणि ते योग्यच झाले.

आपल्या देशाकडे वळताना आरंभी एका गमावलेल्या नावाची हकीगत सांगितली पाहिजे. १८२८ साली जबलपूर येथे स्लीमन यांना काही प्रचंड हाडे सापडली. ठगांचा बीमोड करणारे म्हणून इतिहास ज्यांना ओळखतो तेच हे गृहस्थ. त्या ठिकाणच्या शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ साली ‘टायटनोसॉरस इंडिकस’ ही जात प्रस्थापित केली. शेपटीच्या त्या मणक्यांना पुढे वाटीसारखा खळगा आणि मागे गोलाकार उंचवटा होता. सॉरोपॉडांच्या मानेत याच्या नेमके उलट असते, म्हणजे पुढे गोळा आणि मागे वाटी. शेपटीतील ती रचना तेव्हा अपूर्व वाटली. दोन वर्षांनी पिसदुऱ्याच्या हाडांवरून दुसरी जातही नोंदली गेली. परंतु पुढे अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप असे जिकडेतिकडे तसल्याच शेपटीचे प्राणी सापडू लागले आणि टायटनोसॉरस या नावाखाली तब्बल १४ जाती जमा झाल्या. २००३ साली विल्सन व अपचर्च यांनी त्या सर्वांची झाडाझडती घेतली. त्यांतल्या ५ च जाती खरोखर ओळखता येण्याजोग्या ठरल्या. मूळ भारतीय जातीची लक्षणे आता इतक्या प्राण्यांत सामाईक आहेत की त्यांवरून कोणा एकाची ओळख पटत नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. भारताच्या पहिल्या डायनोसॉराचे नाव असे शास्त्राच्या वहीतून पुसले गेले. ते मणके हरवले आहेत अशीही समजूत होती. २०१२ साली कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात धनंजय मोहबे व सुभाशिस सेन यांना ते पुन्हा मिळाले. वस्तू सापडली, नाव मात्र परत मिळाले नाही.

या झाडाझडतीत एक भारतीय जात ताठ उभी राहिली, आणि ती महाराष्ट्रातील आहे. पिसदुऱ्यापासून जवळच चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव नावाची टेकडी आहे. दख्खनच्या लाव्हाशी लगटून असलेल्या लॅमेटा नावाच्या गाळखडकाचे थर तेथे उघडे पडतात. १९८४ ते १९८६ या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मंडळींनी येथे उत्खनन केले. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. सुटा मणका येथे आणि तुटकी बरगडी तेथे, असा लॅमेटातील नेहमीचा अनुभव. येथे मात्र एकाच प्राण्याचे मानेचे, पाठीचे, शेपटीचे मणके, कटिभाग, खांदा आणि पुढचा पाय अशी हाडे मिळाली. कवटी व मागचे पाय तेवढे नव्हते. त्या वेळी त्याला टायटनोसॉरसचीच एक जात मानण्यात आले होते. २००३ मध्ये विल्सन व अपचर्च यांनी त्याला स्वतंत्र वंशाचा मान देऊन ‘इसिसॉरस’ असे नाव दिले. यातील ‘इसि’ ही अक्षरे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेली आहेत.

इसिसॉरसची मान ही त्याची खरी खूण. सॉरोपॉड म्हटला की आपल्या मनापुढे लांबलचक मान येते. याचे मणके मात्र लांबीला आखूड आणि उंचीला अधिक आहेत, त्यामुळे मान तोकडी व वर रोखलेली असावी असे अनुमान निघते. जोडीला दंडाचे हाड सुमारे दीड मीटर लांब, म्हणजे पुढचे पाय उंच. असे आखूड मानेचे, पुढून चढते जनावर या गटात विरळाच. शेपटीच्या मणक्यांवर उभारलेले नाव कोसळले. मानेपासून शेपटीपर्यंत ताडून पाहता येईल असा एक नमुना होता, म्हणून दुसरे टिकले. लखनौच्या प्रयोगशाळेत ओळखली गेलेली गवते चघळणारा हाच प्राणी असेल काय? काळ एक, मुलूख एक, यापलीकडे आज पुरावा जात नाही. मध्य भारतातील या थरांतून जैनोसॉरस नावाचा दुसराही एक सॉरोपॉड नोंदलेला आहे, आणि विष्ठेवर मालकाचा शिक्का नसतो.

भारतात उभारलेले सांगाडे पाहावयाचे तर ते याहून कितीतरी जुन्या काळातील प्राण्यांचे आहेत. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखला जाणारा खडक प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पसरला असून तो जुरासिक काळातील, अदमासे १७ ते १९ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. प्राध्यापक महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ब्रिटिश विदुषी पामेला रॉबिन्सन १९५७ साली कोलकात्यास आल्या आणि सांख्यिकी संस्थेत पुराजीवशास्त्राचे काम सुरू झाले. आकडेशास्त्राच्या संस्थेत हाडे कशाला, असे तेव्हा पुष्कळांना वाटले असेल. पण मोजमापावाचून हाडांची तुलना तरी कशी होणार? लवकरच पोचमपल्ली गावाजवळ एक मोठे घबाड हाती लागले. निदान ६ प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडे तेथे एकत्र पडलेली होती. १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून १९७५ साली वर्णन प्रसिद्ध करताना त्या जातीला ‘बारापासॉरस टागोराय’ असे नाव देण्यात आले. मराठी कानाला त्यात ‘बारा पाय’ ऐकू येतात, परंतु अर्थ ‘मोठा पाय’ असा आहे. मांडीचे हाडच १७० सेंटिमीटर लांब होते. १९७७ साली त्याचा सांगाडा कोलकात्यात संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात उभा राहिला. भारतात असा उभारलेला हा पहिला डायनोसॉर.

त्याच कोटा खडकात, तेलंगणातील यामनपल्ली येथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे यादगिरी यांना किमान १२ प्राण्यांची हाडे मिळाली. १९८८ साली त्यांनी त्यांस ‘कोटासॉरस’ म्हटले. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. एकाच खडकातील दोन मोठे, लांब मानेचे, कवटी न सापडलेले प्राणी. ते खरोखर दोन आहेत की एकच, हा प्रश्न रास्त होता. येथेही मणका साक्षीस आला. कोटासॉरसचा मणका साधा व भरीव आहे, बाजूला पोखरण नाही. बारापासॉरसच्या मणक्यांच्या बाजूंना उथळ खळगे पडलेले आहेत. पुढच्या कोट्यवधी वर्षांत जे खोल कोनाडे व्हावयाचे होते त्यांची ती सुरुवात होय. कटिभाग आणि मांडीच्या हाडातील फरकांनीही याला दुजोरा मिळतो. म्हणजे ही दोन दालने पाठोपाठ पाहणाऱ्यास मान हलकी होण्याच्या प्रवासातील दोन टप्पे पाहता येतात. मात्र दोन्ही ठिकाणी हाडे अनेक प्राण्यांची मिसळलेली सापडली होती. म्हणून त्यांच्या मानेत अमुक इतके मणके असे छातीठोकपणे सांगणाऱ्या फलकाकडे जरा सावधपणेच पाहिलेले बरे.

सुटीत मुलांना घेऊन अशा संग्रहालयात जाणाऱ्यांनी एकदम डोक्याकडे धाव घेऊ नये, अशी आमची सूचना आहे. खांद्यापासून आरंभ करून मणके मोजावेत. रंगात व पोतात कोठे फरक पडतो ते पाहावे. गुळगुळीत, एकरंगी मणका पुष्कळदा घडविलेला असतो. काटा दुभंगलेला आहे काय, बाजूचा खळगा उथळ की खोल, बरगडी आखूड की लांब, हे मुले मोठ्यांपेक्षा लवकर टिपतात. शास्त्रज्ञांना मात्र उंचावरच्या मणक्याचे सांधे दिसत नाहीत, कारण त्यांतून लोखंडी कांब गेलेली असते. अलीकडे शेकडो छायाचित्रे जुळवून मणक्याची त्रिमिती प्रतिमा संगणकावर तयार करतात, त्यामुळे बर्लिनचा मणका आणि कोलकात्याचा मणका एकाच पडद्यावर शेजारी शेजारी फिरवून पाहता येतो. चेपलेला मणका कितपत चेपला असेल, याचाही अदमास त्यावरून बांधता येतो.

मोजक्या हाडांवरूनही काय साधते, याचे ताजे उदाहरण राजस्थानचे आहे. जैसलमेरजवळच्या सुमारे १६ कोटी ७० लक्ष वर्षे जुन्या खडकांतून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने काही हाडे काढली. रुडकीच्या तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांसह त्यांचा अभ्यास होऊन २०२३ साली ‘थारोसॉरस इंडिकस’ ही नवी जात जाहीर झाली. सामग्री थोडकीच होती, मानेचे, पाठीचे व शेपटीचे काही मणके आणि एक बरगडी. तरीही त्यांवरील खळगे व पट्ट्या ताडून पाहता हा प्राणी डायक्रियोसॉरस कुळातला ठरला. या कुळाचा नामधारक आफ्रिकेतील असून बर्लिनच्या त्याच दालनात उंच जिराफाटायटनच्या शेजारी उभा आहे. त्याची मान अवघ्या १२ मणक्यांची व आखूड, आणि मणक्यांवरचे काटे उंच व खोल दुभंगलेले. अर्जेंटिनातील त्याच्या एका नातलगाच्या मानेवर तर त्या काट्यांचे दोन ओळींत उभे राहिलेले लांब भालेच झाले होते. जैसलमेरचा प्राणी या सर्वांहून जुना आहे.